गीत : पारंपरिक

मी जन्मात एकच कॅसेट काढली आणि तिच्यात एकच चांगलं गाणं होतं. ते माझं नव्हतं. माझ्या दगडाबाई आत्याचं होतं, आणि ती हयात असताना मी ते तिच्याकडून काढून घेतलं. चोरलं असं मी म्हणणार नाही. चोर निदान माल स्वतःच्या घरात तरी ठेवतो. मी ते नेऊन रस्त्यात ठेवलं, हे कुणाचंच नाही अशी वर पाटी लावली, आणि घरी जाऊन जेवलो.

पहिल्यापासून सांगतो. मी चंदू तांडेल. खोपटच्या एसटी डेपोत कंट्रोलरच्या खोलीत बसून माइकवर गाड्या पुकारायचो. ‘ठाण्याहून पेणमार्गे अलिबागला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे.’ निम्म्या ठाण्याने माझा आवाज ऐकलेला असेल, पण त्या आवाजाला तोंड असेल असं कुणाच्या मनातही आलं नसेल. ड्युटी सुटली की वर्तकनगरच्या खोलीत गिटार घेऊन बसायचो. कोळ्याच्या पोराने ढोलकी घ्यावी, फार तर बँजो घ्यावा. माझी गिटार बघून चेंदणी कोळीवाड्यातले चुलतभाऊ मला ‘गोव्याचा पाहुणा’ म्हणायचे. मला राग यायचा आणि आतून बरंही वाटायचं. आपण ह्यांच्यातले नाही, काहीतरी वेगळे आहोत, अशी एक गुदगुली व्हायची. त्या गुदगुलीनेच पुढे घात केला.

गाणी मी स्वतः लिहायचो, चाली स्वतः लावायचो. बुजत चाललेल्या खाडीवर एक होतं, मिठागरांवर एक, डेपोच्या बाकावर झोपणाऱ्या म्हाताऱ्यावर एक. कॅसेट कंपन्यांच्या पायऱ्या झिजवल्या. सगळीकडे एकच प्रश्न. हळदीची गाणी आहेत का? गणपतीची? नाहीत म्हटलं की चहा पाजून वाटेला लावायचे. शेवटी एक्क्याण्णव साली ठरवलं की आपणच काढायची. नाव ठरवलं ‘सुकती’. ओहोटीला आमच्यात सुकती म्हणतात. फक्त गिटार आणि आवाज, दुसरं काही नाही. पाचशे प्रती.

रेकॉर्डिंगला माझा मित्र पोपट होता. मूळचा साताऱ्याकडचा, डोंबिवलीत मानपाडा रोडला त्याचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं आणि कॅसेटी भरून देण्याचं दुकान. दुकानामागच्या खोलीत त्याने भिंतींना गाद्या टांगल्या, दोन माइक उभे केले. शेजारी पत्रा ठोकणारा कारखाना होता, त्यामुळे आमचं सगळं काम शुक्रवारी चालायचं, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी. सहा शुक्रवारांत नऊ गाणी झाली. पोपटने घड्याळ लावून मोजलं आणि म्हणाला, “चंद्या, दुसऱ्या बाजूला चार मिनिटं रिकामी राहतायत. गिऱ्हाईक म्हणेल टेप अर्धवट भरली. अजून एक आण.”

माझ्याकडे दहावं गाणं नव्हतं. तेव्हा मला आत्याचं आठवलं.

माझी आत्या धवलारीण. आमच्या लग्नांत भटजीच्या आधी तिचा मान. हळद वाटण्यापासून नवरी पाठवेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते सगळे धवले धवलारणीच्या गळ्यात असतात. लिहिलेलं काहीच नाही. आत्याला तर सहीसुद्धा येत नव्हती. ह्या गाण्यांची एक रीत आहे. गाणं तेच, पण घर बदललं की नावं बदलायची. ह्या मांडवात नवरी शेवंती असेल तर शेवंती, उद्या दुसऱ्या मांडवात जना असेल तर जना. बापाचं नाव, मामाचं नाव, सगळं त्या त्या घरचं. धवला कुणी रचला हे कुणी विचारत नाही. मांडवात बसून ‘हे माझं’ असं म्हणणाऱ्या बाईला लोक हसतील.

पण आत्याचं एक गाणं होतं जे ती कुठल्याच मांडवात म्हणायची नाही. तिची पोरगी मालू. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. सतराव्या वर्षी तिचं लग्न ठरलं, साखरपुडा झाला, हळकुंडं आणून ठेवलेली, आणि पंधरा दिवसांत ती काविळीने गेली. त्यानंतर आत्या महिनाभर काही बोलली नाही. मग एक दिवस ओटीवर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलताना ते गाणं तिच्या तोंडात आलं. मी तेव्हा अकरा वर्षांचा, समोरच बसलेलो. तेव्हापासून ते मी ओटीवर कितीदा ऐकलं असेल त्याला गणती नाही.

वाटली हलद गो मालू, पिवला झाला हात
लावाला नाय गाल तुजा, सरत नाय रात

पुढची कडवीही अशीच. हिरवा चुडा भरला तो कुणाच्या हातात घालू, दारात मांडव घातला तो कुणासाठी. चाल अगदी साधी, तीन-चार सुरांत फिरणारी. पण ‘मालू’ ह्या शब्दावर आत्याचा आवाज जरासा थांबायचा, हाक मारून उत्तराची वाट बघावी तसा. ते थांबणं माझ्या नऊ गाण्यांत कुठेही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

विचारायला मी चेंदणीला गेलो. आत्या ओटीवर होती.

“कं रं पोरा, आज वाट चुकलास?”

“आत्या, मी टेप काढतोय. तुझं मालूचं गाणं घेऊ का त्यात? मी म्हणणार, गिटारवर.”

हातातली करंदी तिने खाली ठेवली. मला वाटलं, चिडली.

“लोका ऐकतील?” तिने विचारलं.

“ऐकतील ना. पाचशे टेप काढतोय.”

“पाचशे घरांन माजे मालूचा नाव जाईल?” आत्याने परात बाजूला सारली. “घे. पोर गेली तवा शेजारच्या आलीलासुदा तिचा नाव नीट ठावा नव्हता. वीस वरसां झाली, आता मी सोडून कोन तिचा नाव घेतो? घे रं बाबा. मना दुसरा काय नको.”

तिला दुसरं काही नको होतं. एवढीच अट, आणि तीसुद्धा तिने अट म्हणून घातली नव्हती. तेवढी एक मला पाळता आली नाही.

त्या शुक्रवारी मी गाणं म्हणायला बसलो. पोपटने कानाला हेडफोन लावलेले. पहिली ओळ झाल्यावर त्याने हात वर केला.

“थांब. मालू कोण?”

मी सांगितलं.

“आत्याची पोरगी हे तुला माहीत. ऐकणाऱ्याला काय माहीत? त्याला वाटेल, हा कुणा मालूच्या मागे लागलाय. तिथे ‘नवरी’ टाक. वाटली हलद गो नवरी. कुणालाही लागू पडेल.”

मी भांडलो असतो तर पोपट ऐकणारा माणूस होता. मी भांडलो नाही. मला त्याचं पटलं, आणि का पटलं तेही सांगतो. आयुष्यभर मी मांडवात हेच बघत आलेलो. शेवंती काढायची, जना घालायची. नाव बदललं म्हणून धवला मोडत नाही. नाव म्हणजे गाण्यातली पाहुण्यांसाठी मोकळी ठेवलेली जागा, आज हा बसतो, उद्या तो. परक्या माणसाला हे सुचलंही नसतं, मला अगदी सहज वाटलं. हे गाणं धवला नाही, ह्यातली जागा मोकळी नाही, तिथे एक पोरगी कायमची बसलेली आहे, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. मी ‘नवरी’ म्हटलं. एकाच दमात गाणं झालं. पोपट म्हणाला, “हे सगळ्यात भारी झालं बघ.” मीही खूश.

मग छपाई. कॅसेटच्या आतल्या कागदावर प्रत्येक गाण्यापुढे गीतकाराचं नाव घालायचं होतं. नऊ गाण्यांपुढे ‘चंद्रहास’. हो, चंदूचा मी चंद्रहास झालेलो. दहाव्यापुढे काय?

“आत्याचं नाव काय तुझ्या?” पोपटने विचारलं.

“दगडाबाई.”

तो हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं, मला राग आला असता आणि हट्टाने नाव छापलं असतं. तो फक्त म्हणाला, “गीत, दगडाबाई.” माझ्या आजीची आधीची तीन मुलं गेलेली, ही तरी जगू दे, कुणाची नजर नको लागायला, म्हणून दगडा नाव ठेवलेलं. त्या नावापायी ती जगली. मला मात्र कव्हरवर माझ्या गिटारच्या फोटोखाली ते नाव डोळ्यांपुढे आलं आणि लाज वाटली. नाट्यगृहाच्या बाहेर सुती झब्बे घालून उभी राहणारी माणसं ही टेप हातात घेतील, ती काय म्हणतील? मला त्या माणसांत जायचं होतं ना!

“पारंपरिक लिहू या,” पोपट म्हणाला. “त्याला वजन असतं. लोकांना वाटतं, शंभर-दोनशे वर्षांचं आहे.”

मला ते एकदम मानाचं वाटलं. आत्याला आपण कमी करत नाही, उलट मोठं करतोय, अशी मी माझी समजूत घातली. माणसाला स्वतःला फसवायला फार अक्कल लागत नाही. कागद छापून आला. ‘वाटली हळद. गीत : पारंपरिक.’ हळदीतला आमचा ‘ल’ सुद्धा छापखान्यातून ‘ळ’ होऊन आला.

आत्याला टेप द्यायला मी स्वतः गेलो. तिच्याकडे टेपरेकॉर्डर होता, दामाजीने, तिच्या मुलाने, लग्नात घेतलेला. दामाजीची बायको चित्रा म्हणाली, “बसा ना भावजी, लावू या आत्ताच.” मी म्हटलं, ड्युटी आहे. ड्युटी दुपारची होती आणि तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले. आत्याने टेप दोन्ही हातांत धरली, कपाळाला लावली. मी पायऱ्या उतरून पळालो. ती ऐकत असताना मला तिथे बसवलं नसतं, म्हणजे कुठेतरी मला ठाऊक होतंच. नंतर महिन्याने भेटली तेव्हा विचारलं, कसं वाटलं? “ब्येस,” एवढंच म्हणाली आणि माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटलं.

‘सुकती’ काही चालली नाही. दीडशे खपल्या, शंभर वाटल्या, उरलेल्या पोपटच्या माळ्यावर. दोन-तीन वर्षं गेली. मग चौऱ्याण्णवच्या लग्नसराईत, खोपटला डेपोसमोर उभ्या एका रिक्षातून, खोलीत बसल्या बसल्या मी माझी चाल ऐकली. म्हणजे आत्याची. खाली ढोलकी, वर बँजो, मागे बायकांचा घोळका आणि मधेमधे शिट्ट्या.

वाटली हलद गो नवरी, पिवला झाला हात
लावाला आला दीर तुजा, नाचू सारी रात

मी माइक चालू ठेवून तसाच बसलो. फलाटावरच्या लोकांनाही रिक्षातलं गाणं माइकवरून ऐकू गेलं असणार. त्या वर्षी असा मांडव नव्हता जिथे ते वाजलं नाही. ठाणे, कल्याण, पनवेल, उरण, सगळीकडे. मुंबईच्या एका कंपनीने हळदीच्या गाण्यांची टेप काढलेली, तिच्यातलं हे पहिलंच. मेलेल्या पोरीच्या गालाला हळद लावता येत नाही म्हणून केलेल्या गाण्यावर माणसं खांद्यावर हळदीचे हात मारत नाचत होती. मी तीन लग्नांत उठून बाहेर आलो. चौथ्या लग्नापासून जायचंच सोडलं.

रजा काढून त्या कंपनीत गेलो. टेबलामागे एक सभ्य गृहस्थ होते, नीट बोलले. मी सांगितलं, हे गाणं माझ्या आत्याचं आहे, ती जिवंत आहे, चेंदणीला राहते. त्यांनी ऐकून घेतलं, खण उघडला आणि ‘सुकती’चा कागद माझ्यासमोर ठेवला. त्यांच्याकडे माझी टेप होती! दीडशे गिऱ्हाइकांपैकी एक हे.

“हे तुम्हीच छापलंय ना?”

“हो.”

“पारंपरिक म्हणजे सगळ्यांचं. आम्ही तुमच्या कागदावर विश्वास ठेवला. तुमची आत्या जिवंत होती तर तुम्ही हे का लिहिलंत?”

हात दाखवून अवलक्षण. मी नमस्कार करून उठलो. जिना उतरताना मला त्या माणसाचा राग यावा असं फार वाटत होतं, पण येईना.

त्यानंतर मी आत्याला टाळायला लागलो. दिवाळीला फराळ पाठवायचा तर आईबरोबर. नारळी पुनवेला चेंदणीत जायचं तर आत्याचं घर सोडून मागच्या गल्लीने. मला भीती ही की ती विचारेल, माझ्या मालूचं नाव कुठं रे? मनात मी ते संभाषण शंभरदा केलं. ती ओरडते, मी पाय धरतो. ती रडते, मी रडतो. कधी कधी ती माफ करते, तेव्हा मला स्वतःचीच किळस यायची. गिटार कपाटावर चढली ती उतरली नाही. चार वर्षं अशी गेली. चेंदणी ते वर्तकनगर अंतर ते किती!

अठ्ठ्याण्णवमध्ये आई गेली. दहाव्याला आत्या आली, काठी टेकत. सत्तरीला आलेली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताने मला धीर आला. म्हटलं, ही आहे तोवर करायला हवं. बैल गेला नि झोपा केला असं व्हायला नको. पोपटकडून चांगला टेपरेकॉर्डर आणला, कोरी कॅसेट आणली. ठरवलं की आत्याच्याच आवाजात ते गाणं भरायचं, मालूच्या नावासकट. मग पुन्हा पाचशे काढायच्या, हजार काढायच्या, कव्हरवर तिचा फोटो, आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘गीत : दगडाबाई तांडेल’. भविष्यनिर्वाह निधीतून उचल घ्यायलाही तयार होतो. माहेरचं आडनाव घालायचं की सासरचं, ह्याचासुद्धा विचार करून ठेवलेला.

रविवारी सकाळी चेंदणीला गेलो. आत्या ओटीवर, समोर परातीत करंदी. खाडीत आता काही मिळत नव्हतं, बाजारातून आणलेली. चित्राने पाट दिला. मी मशीन मांडलं आणि म्हटलं, “आत्या, मालूचं गाणं म्हण. तुझ्या आवाजात भरायचंय.”

“आता कं आवाज ऱ्हायलाय रं?”

“म्हणा ना आई,” चित्रा म्हणाली. “एवढे आलेत भावजी.”

आत्याने हात पदराला पुसले, डोळे मिटले. मी बटण दाबलं. आवाज घोगरा झालेला, पण सूर जागच्या जागी.

“वाटली हलद गो नवरी, पिवला झाला हात…”

मी बटण बंद केलं.

“नवरी नाही आत्या. मालू.”

“मालू?” तिने डोळे उघडले. “मालू कशी असल? गाना तर नवरीचा हाय.”

“अगं, तुझं गाणं आहे हे. तू केलंस. मालू गेल्यावर. मी समोर बसलेलो.”

“हा, मना पन तसाच वाटाचा,” आत्या म्हणाली. अगदी सहज म्हणाली, जुना एखादा गैरसमज सांगावा तसं. “लय वरसां वाटाचा, मीच जोडलाय. मंग कललं, जुना हाय. कंदीतरी मांडवान ऐकला असल लानपनी, आन पोर गेली तवा तोंडान आला. दुक्कान मानसाला आपला-परका कलत नाय.”

“कुणी सांगितलं तुला?”

ती चित्राकडे बघायला लागली. चित्रा परातीकडे बघायला लागली. मग चित्रानेच सांगितलं. “तुम्ही टेप दिलीत ना भावजी, त्या दिवशी आम्ही लावली. गाणं आलं. आई म्हणाल्या, नाव नाय आला, परत लाव. परत लावली. तीनदा लावली. मग मला म्हणाल्या, कागदावर कं लिवलाय वाच. मी वाचलं. पारंपरिक म्हंजे कं, विचारलं. मी म्हटलं, म्हणजे फार जुनं, कुणी केलं ते कुणालाच माहीत नसलेलं. मला तरी काय ठाऊक होतं? मला वाटलं, तुम्ही शिकलेले, चौकशी करूनच छापलं असणार.”

“आन मंग सगलीकडं वाजला ना,” आत्या म्हणाली. “उरनच्या एका लग्नान म्हातारी बाय बोलली, माजी आय म्हनाची यो गाना. पनवेलची एक बोलली, आमचेकडं तर पयल्यापासना हाय. येवड्या बायका कं खोटा बोलतील? मीच येडी. दोन मांडवान तर पोरी मना बोलल्या, आजी तुमी चुकीचा म्हनता. मंग मी नवरीच म्हनाला लागले.”

मी इतकी वर्षं तिच्या रागाची भीती धरून बसलेलो, आणि ती माझ्यावर रागावलेली नव्हतीच. माझ्यावर विश्वास ठेवून ती स्वतःला खोटं मानून मोकळी झाली होती. चार वर्षांपूर्वी आलो असतो, दोन वर्षांपूर्वी आलो असतो, तर कदाचित तिला आठवण करून देता आली असती. मी तोंड लपवत बसलो आणि तेवढ्या वेळात ते तिच्या आतून निघून गेलं.

मी पाट सोडून तिच्या पायाशी बसलो. सगळं सांगितलं. नाव मी बदललं, पारंपरिक मी छापलं, ते खोटं होतं, मला तुझ्या नावाची लाज वाटली, मी चुकलो, गाणं तुझं आहे, तूच केलंस. बोलता बोलता मला रडू फुटलं. चित्रा पदर तोंडाला लावून आत गेली.

आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग करंदीच्या वासाचा हात माझ्या गालावरून फिरवला.

“आयशीचे मागं आता आत्याच ऱ्हायली म्हनून बोलतंस,” ती म्हणाली. “माजा मन राखाला. गुनाचा हायस तू. पन बाबा, कागदावं छापलेला असा फिरवता येतो का?”

“आत्या, तो कागद मीच…”

“बरा बरा. नको रडू.” तिने परात जवळ ओढली, दोन-चार करंद्या सोलल्या आणि मधेच थांबली. “मी एक इचार करते कंदीकंदी. ज्या बायनं पयल्यांदा यो गाना जोडला ना, तिची पन पोर हलदीआदीच गेली असल. नायतर असा सुचनार नाय. तिचे पोरीचा नाव कं असल रं?”

“मालू,” मी म्हटलं. “मालू होतं.”

“तुजा आपला कायतरीच,” असं म्हणून आत्या हसली आणि परत करंदी सोलायला लागली.